रोज उतरवायची सूज

एका पायाला सूज येते, महिना-दोन महिने उतरत नाही, आणि घरात उपाय सुरू होतात. कोणी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगते, कोणी तेल लावून रगडून देते, कोणी औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून गुंडाळते. दवाखान्यात गेले तर बरेचदा लघवी वाढवणारी गोळी मिळते आणि सोबत ‘पाणी कमी प्या’ असा सल्ला. दोन दिवस पाय हलका वाटतो. मग सूज परत येते, आधीपेक्षा घट्ट होऊन. ही सूज लिम्फेडीमाची, म्हणजे लसीकेचा निचरा अडल्याने आलेली, असेल तर यातला एकही उपाय तिच्या कारणापर्यंत पोचत नाही, आणि काही तर तिला वाढवतात. जो उपाय लागू पडतो तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. त्याला मोठे यंत्र लागत नाही. तरीही आपल्याकडे तो रुग्णाला वर्षानुवर्षे कोणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते.

गोळी का हरते हे समजून घेण्यासाठी आधी शरीरातल्या पाण्याचा हिशेब पाहावा लागतो. रक्त केशवाहिन्यांतून जात असताना त्यातले थोडे पाणी आणि थोडी प्रथिने सतत पेशींभोवती झिरपत असतात. यातले बहुतेक पाणी केशवाहिन्यांच्या दुसऱ्या टोकाला परत रक्तात शोषले जाते, असे पूर्वीची पाठ्यपुस्तके शिकवत. आता ते चित्र बदलले आहे. झिरपलेल्या पाण्याचा फार मोठा वाटा लसीकावाहिन्या परत नेतात, आणि प्रथिनांना तर परतीची दुसरी वाटच नाही. दिवसाकाठी हे काही लिटर पाणी होते. धानाच्या बांधीतले जास्तीचे पाणी चर काढून वाहते ठेवावे लागते, तसे हे काम अखंड चालावे लागते. चर बुजला की पाणी कुठे जात नाही, तिथेच मुरते.

लसीकावाहिन्यांतल्या या पाण्याला, म्हणजे लसीकेला, हृदयासारखा वेगळा पंप नाही. कातडीखालच्या अगदी बारीक लसीकावाहिन्या आजूबाजूची कातडी ताणली गेली, स्नायू हलला, की उघडतात आणि पाणी आत घेतात. त्यांच्या पुढच्या, जरा मोठ्या वाहिन्यांना झडपा असतात आणि स्वतःचे आकुंचनही असते. त्या तुकड्यातुकड्याने पाणी वर ढकलतात. वाटेत जांघेत, काखेत, पोटात लसीकेच्या गाठी लागतात. तिथे जंतू अडवले जातात. शेवटी डाव्या बाजूची मुख्य वाहिनी मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत रिकामी होते. श्वास खोल घेतला की छातीतला दाब बदलतो आणि या शेवटच्या टप्प्याला मदत होते. हालचाल, स्नायू, कातडी, श्वास: पुढे ज्या उपचारांबद्दल लिहायचे आहे, ते सगळे यांच्यावरच उभे आहेत.

वाट अडली की प्रथिने पेशींभोवती साचतात आणि पाण्याला धरून ठेवतात. लघवीची गोळी रक्तातले पाणी बाहेर काढते. प्रथिने जागच्या जागी राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. म्हणून हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारातल्या सुजेला उपयोगी पडणारी तीच गोळी इथे निकामी ठरते. पाणी कमी प्यायल्याने प्रथिने कमी होत नाहीत. गरम शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपणारे पाणी उलट वाढते. जोरात रगडले तर कातडीखालच्या नाजूक वाहिन्यांनाच इजा होते.

साचलेले पाणी तसेच राहिले तर आणखी एक बदल घडतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऊतींमध्ये दाह चालू राहतो, तंतू वाढतात, चरबी साठते. सुरुवातीला बोटाने दाबले तर खड्डा पडतो आणि रात्री पाय उंच ठेवून झोपले की सकाळी सूज उतरलेली असते. हा काळ हातचा. काही महिन्यांनी, वर्षांनी खड्डा पडेनासा होतो, कातडी जाड होते, घोट्यावर वळ्या पडतात, चामखिळीसारखे उंचवटे येतात. त्या टप्प्यावर पायात पाण्याहून तंतू आणि चरबीच जास्त असते. रॉबर्ट स्टेमर यांनी 1976 मध्ये सांगितलेली खूण घरीही पाहता येते. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूने कातडीची चिमूट धरून पाहावी. ती उचलली गेली नाही तर लिम्फेडीमाची शक्यता मोठी. चिमूट उचलली गेली म्हणून मात्र निर्धास्त राहू नये, कारण सुरुवातीच्या काळात ती उचलता येऊ शकते.

महाराष्ट्रात ही वाट प्रामुख्याने दोन कारणांनी अडते. पहिले कारण हत्तीरोग. दुसरे कर्करोगाचा उपचार. जन्मतःच वाहिन्या अपुऱ्या असणारेही काही जण असतात. त्यांची सूज कधी बाळपणी, कधी वयात येताना दिसू लागते.

हत्तीरोगाशी आपली ओळख फार जुनी. सुश्रुताने त्याला श्लीपद म्हटले, आणि जिथे जुने पाणी साचून राहते, बाराही महिने गारवा असतो, त्या प्रदेशात तो विशेष होतो, असे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी नोंदवून ठेवले. डासाचे नाव न घेता डासाच्या जागेवर बोट ठेवणारी ही नोंद मला फार मोलाची वाटते. या रोगाच्या जंताच्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या रक्तात टिमोथी लुइस यांनी 1872 मध्ये कोलकात्यात पाहिल्या. पाच वर्षांनी पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाशी त्यांचा संबंध दाखवला. घाण पाण्यात, गटारात, शौचालयाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास या अळ्या माणसातून माणसात नेतो. वयात आलेले जंत लसीकावाहिन्यांतच घर करतात आणि कित्येक वर्षे जगतात. मादी 8 ते 10 सेंटिमीटर लांब असते. अळ्या रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन रक्ताचे नमुने घेतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हे दृश्य लोकांच्या ओळखीचे आहे. जंतांचा शिरकाव बरेचदा लहानपणी होतो आणि पाय सुजतो तो पंचविशी-तिशीत.

हत्तीरोगाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1955 पासून चालू आहे. 2004 पासून हत्तीरोग असलेल्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्र मोहीम राबवली गेली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो होता. या गोळ्यांनी पुढच्या पिढीचे रक्षण होते, त्या घ्याव्याच. पण ज्याचा पाय आधीच सुजला आहे त्याच्या फाटक्या-बुजलेल्या वाहिन्या गोळीने दुरुस्त होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हत्तीरोगाने हात-पाय सुजलेले दीड कोटींहून अधिक लोक जगात आहेत. गोळी किती जणांनी गिळली याचा हिशेब आपण नेटाने ठेवतो. सुजलेल्या पायाची निगा किती जणांना शिकवली, याचाही तेवढ्याच नेटाने ठेवायला हवा.

दुसरे कारण शहरांत जास्त दिसते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढाव्या लागतात, कधी त्या जागी किरणोत्सर्गही द्यावा लागतो. हाताचा निचरा त्याच गाठींतून होत असतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचात एकीला पुढे हाताची सूज येते. केवळ सेंटिनल म्हणजे पहिली पहारेकरी गाठ तपासून थांबता आले तर हे प्रमाण शंभरात पाच-सहांवर येते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानंतर पायाला सूज येते ती याच कारणाने. शस्त्रक्रियेनंतर ती लगेच येईल असेही नाही. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत, काहींना फार उशिरा. ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट होऊ लागली, बांगड्या एका मनगटावरून उतरेनात, अंगठी रुतू लागली, हात जड वाटतो पण दिसत तर काही नाही, अशा बारीक तक्रारी पहिल्यांदा घरीच लक्षात येतात. त्याच वेळी फिजिओथेरपिस्टकडे जायला हवे. तोवर हातात पाणीच असते, चरबी आणि तंतू आलेले नसतात.

फिजिओथेरपीने सूज उतरवण्याची कल्पना नवी नाही. आलेक्झांडर फॉन विनिवार्टर या ऑस्ट्रियन शल्यचिकित्सकाने 1892 मध्येच हातपाय उंच ठेवणे, हलका मसाज आणि दाबाची पट्टी असा उपचार लिहून ठेवला होता. त्याच्या मागे तो विस्मरणात गेला. 1930 च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड फोडर हे डॅनिश दांपत्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर ‘कान’ या शहरात मसाजाचे काम करत असे. सर्दीने बेजार होऊन हवापालटाला आलेल्या लोकांच्या मानेतल्या फुगलेल्या गाठींवरून ते अगदी हलका हात फिरवत, आणि त्या काळी गाठींना हात लावणे वर्ज्य मानले जाई. 1936 मध्ये त्यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडली. पुढे जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या हिंटरझार्टन इथे मिहाएल आणि एटेल फोल्डी या डॉक्टर दांपत्याने मसाज, पट्टी, व्यायाम आणि कातडीची निगा यांची एकत्र बांधणी केली. आज जगभर लिम्फेडीमाचा मुख्य उपचार म्हणून जो दिला जातो तो हाच.

त्याचे दोन टप्पे. पहिला दोन ते चार आठवड्यांचा, जवळजवळ रोजचा, तज्ज्ञाच्या हातचा. यात सूज शक्य तेवढी उतरवायची. दुसरा आयुष्यभराचा, रुग्णाच्या स्वतःच्या हातचा. यात उतरलेली सूज पुन्हा चढू द्यायची नाही. आपल्याकडे घोटाळा बहुधा दोन्हींच्या सांध्यावर होतो. पहिल्या टप्प्यात पाय छान उतरतो, रुग्ण आनंदाने घरी जातो, दाबाचा मोजा मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि तीन महिन्यांत सगळे पूर्ववत. उपचार फसला असे मग सगळे म्हणतात.

या सगळ्यात कणा कोणता, असे विचाराल तर मी पट्टी म्हणेन. ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण चूक इथेच सर्वांत जास्त होते. औषधाच्या दुकानातली नेहमीची क्रेप पट्टी खूप ताणली जाते. चालताना पोटरीचा स्नायू फुगला की ती बाहेर सरकते, दाब अंगावर घेत नाही. माणूस झोपला की मात्र ती आवळत राहते. लिम्फेडीमासाठी लागणारी कमी ताणाची पट्टी नेमकी उलट वागते. ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे फुगणाऱ्या स्नायूला बाहेरून घट्ट आडोसा मिळतो, आतला दाब वाढतो आणि पाणी वर ढकलले जाते. स्नायू सैल पडला की दाब उतरतो. म्हणून पहिल्या टप्प्यात ती रात्रीही ठेवता येते. शिवाय तिचे खरे काम माणूस हालतो तेव्हाच होते. पट्टी बांधून दिवसभर खाटेवर पडून राहणे म्हणजे अर्धा उपचार वाया घालवणे.

बांधण्याची रीतही ठरलेली. आधी कातडीला साधे वंगणयुक्त मलम, त्यावर सुती नळीचे मोज्यासारखे अस्तर, मग बोटांच्या वेगळ्या अरुंद पट्ट्या, मग कापूस किंवा फोमचा थर, आणि शेवटी कमी ताणाच्या पट्ट्यांचे एकावर एक थर. सुरुवात नेहमी बोटांकडून, वरच्या दिशेने. फोमचा थर ऐच्छिक समजू नये. एकाच ताणाने बांधलेली पट्टी ज्या जागी घेर लहान तिथे जास्त दाबते, मोठा घेर असेल तिथे कमी. त्यामुळे घोट्याला आपोआप जास्त आणि मांडीला कमी दाब मिळतो, जो हवाच असतो. पण नडगीचे हाड, घोट्याची गोटी अशा टोकदार जागी तोच दाब कातडी चिरू शकतो, आणि घोट्यामागच्या खळग्यात पोचतच नाही. तिथे भर घालून पाय गोलसर करून घ्यावा लागतो. दाब वाढवायचा तर पट्टी जास्त ओढायची नाही, थर वाढवायचे. बांधल्यावर बोटांकडे पाहत राहावे. ती निळसर, गार, बधिर झाली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सोडावी.

एक इशारा इथे ठळकपणे द्यायला हवा. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल, जुना मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असेल, तर घट्ट पट्टीने पाय धोक्यात येऊ शकतो. आधी डॉक्टरांकडून पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. पोटरी अचानक दुखून सुजली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, दोन्ही पाय एकदम सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत पाहावे लागते. त्या वाटा वेगळ्या आहेत.

मसाजाबद्दल लोकांच्या अपेक्षा जास्त असतात, त्या थोड्या आवरायला हव्यात. लसीकेचा मसाज तेलाच्या मालिशीहून अगदी निराळा आहे. हात इतका हलका, की कातडी फक्त सरकावी, खालचा स्नायू दबू नये. सुरुवात सुजलेल्या जागेपासून होत नाही. आधी मान, पोट, निरोगी बाजूची काख किंवा जांघ मोकळी करायची आणि मग पाणी त्या दिशेने वळवायचे. याने बरे वाटते, कातडी मऊ होते. पण 2015 मधल्या कोक्रेन आढाव्यात दिसले ते असे, की स्तनकर्करोगानंतरच्या हाताच्या सुजेत खरा उतार पट्टीने पडतो. मसाजाने त्यात थोडी भर पडते, तीही सूज सौम्य-मध्यम असताना. म्हणून पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतील तर ते आधी पट्टीवर आणि मोज्यावर खर्च करावेत. नुसता मसाज घेऊन उघड्या पायाने घरी जाणाऱ्याची सूज संध्याकाळपर्यंत परत येते.

व्यायामाची गोष्ट तर फार शिकवून जाणारी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘या हाताने काही उचलू नका’ असे स्त्रियांना दशकानुदशके सांगितले गेले. पाण्याची कळशी नको, नातवंड कडेवर नको, कणीक तिंबायची नाही. हात वापरातून गेला, खांदा आखडला, आणि सूज टळली असेही नाही. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हा सल्ला तपासायला घेतला. हाताची सूज असलेल्या 141 स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून वजन उचलायला लावले, दाबाची बाही घालून. वर्षाअखेरी त्यांच्या हाताची सूज दुसऱ्या गटापेक्षा वाढली नव्हती. सूज एकाएकी भडकण्याचे प्रसंग उलट निम्म्यावर आले होते, 29 टक्क्यांच्या जागी 14 टक्के. 2009 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हाताला जपण्याचा अर्थच पालटला. हळूहळू वाढवत नेलेला भार हाताला बळ देतो. एकदम उचललेला जड भार मात्र आजही नकोच.

पायासाठी चालण्याला तोड नाही, पट्टी किंवा मोजा घालून. बसल्या जागी घोटा वरखाली करणे, टाचा उचलणे, गुडघा वाकवणे, आणि अधूनमधून पोट फुगवून खोल श्वास घेणे, हे बसमध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही करता येते. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा उपचाराचाच भाग समजावा. काखेत-जांघेत आणि कमरेवर आवळणारे काही नको. परकराची नाडी फार घट्ट बांधणे हेही त्यातच आले.

आता पाण्याकडे येतो, कारण हत्तीपायाच्या रुग्णासाठी साबण आणि पाणी पट्टीच्याही आधी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुझा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रुग्ण पाहून एक गोष्ट पटवून दिली: पाय वाढत जातो तो मुख्यतः जंतामुळे नव्हे, तर पुन्हा पुन्हा होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे. हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो, जांघेत अवधाण येते. अमावास्या-पौर्णिमेला हा ताप येतो अशी समजूत देशात अनेक ठिकाणी आहे. प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्यांतल्या काही वाहिन्या निकामी करून जातो, आणि ताप उतरला तरी पाय आधीपेक्षा थोडा मोठाच राहतो. जिवाणू शिरतात कुठून? बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून, टाचेच्या भेगांतून, काट्याच्या लहानशा जखमेतून. रोवणीच्या दिवसांत आठ-आठ तास चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायाला ही दारे सताड उघडी असतात.

ती बंद करण्याची रीत साधी, पण काटेकोर. रोज एकदा, जमल्यास दोनदा, साध्या पाण्याने आणि अंगाच्या सौम्य साबणाने पाय धुवायचा. गरम पाणी नको, ब्रश आणि दगड नको. वरपासून खालपर्यंत हलक्या हाताने, प्रत्येक वळीच्या आत, प्रत्येक बेचकीत, धुतलेले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग मऊ कापडाने टिपून घ्यायचे, घासायचे नाही. बेचक्या कोरड्या करणे सर्वांत महत्त्वाचे. बोटे जाड होऊन एकमेकांना चिकटली असतील तर कापडाचा कोपरा किंवा गॉज आत घालून टिपावे. पांढरट ओल, खाज, भेग दिसली तर बुरशीचे मलम. बाकी कातडी कोरडी पडू नये म्हणून मलम किंवा खोबरेल तेल, पण बेचक्यांत तेल नाही. नखे सरळ कापावीत. पायांत आवळत नाही अशी चप्पल किंवा बूट घरातही असावा. वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी हे करून द्यावे. सुजलेल्या पायाला हात लावल्याने हत्तीरोग होत नाही, तो फक्त डासामार्फत पसरतो.

ताप आणि लाली आलीच तर पट्टी, मसाज, व्यायाम त्या दिवसांपुरते थांबवावेत. पाय उंच ठेवावा, थंड पाण्याचे फडके ठेवावे, भरपूर पाणी प्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिजैविक सुरू करावे. झटका ओसरला की पट्टी पुन्हा. असा दाब झटके टाळायलाही मदत करतो, हे ऑस्ट्रेलियात कॅनबेरातल्या फिजिओथेरपिस्टांनी 2020 मध्ये दाखवून दिले. पायाची जुनी सूज आणि वारंवार संसर्ग असलेल्या 84 जणांच्या अभ्यासात दाबाचा मोजा वापरणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता, की सर्वांनाच मोजे देता यावेत म्हणून अभ्यास मुदतीआधी थांबवला.

मोजा किंवा बाही घ्यायची ती सूज उतरल्यावर, माप देऊन. सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा घेतला तर तो पाय सुजलेलाच ठेवतो. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाय उतरलेला असताना तो चढवावा. घरातले रबरी हातमोजे घालून ओढले तर सोपे जाते. रात्री काढावा, सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा. दोन जोड असले तर एक धुण्यात, एक अंगावर. साधारण सहा महिन्यांत त्याचा दाब सैलावतो, मग नवा घ्यावा लागतो. इथे आपल्या हवामानाचा प्रश्न खरा आहे. नागपूरच्या मे महिन्यात मांडीपर्यंत जाड मोजा घालणे म्हणजे सत्त्वपरीक्षाच. जी व्यक्ती तो काढून ठेवते तिला बेशिस्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उन्हाच्या वेळी सावलीत थांबणे, मोज्यावरून पाणी शिंपडणे, पहाटे आणि संध्याकाळी चालणे, फार तर हलक्या दाबाचा मोजा, अशी तडजोड फिजिओथेरपिस्टशी बोलून करता येते. अजिबात न घालण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

परदेशी पद्धत आपल्या मातीत रुजवता येते याचे उदाहरण केरळमध्ये कासरगोडला आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीत डॉ. एस. आर. नरहरी आणि सहकाऱ्यांनी पाय धुणे, पट्टी, योगासने, श्वसन आणि आयुर्वेदातले काही उपचार यांची सांगड घातली. तिथे रुग्णाला घरी सगळे स्वतः करता यावे यावर भर असतो. महाराष्ट्रात वर्ध्याजवळ सेवाग्रामला हत्तीरोगाच्या निदानावर डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी दीर्घकाळ संशोधन केले. निदानाची ही परंपरा असलेल्या विदर्भात निगेचीही केंद्रे तालुक्यातालुक्यात का नसावीत?

रुग्णांच्या मनातल्या काही भीती मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताचा रक्तदाब कधी मोजू नका, रक्त काढू नका, विमानात बसू नका, असे सांगितले जाई. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात 632 स्त्रियांच्या पाहणीत, 2016 मध्ये, यातल्या कशाचाही सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. तिथे संबंध दिसला तो जास्त वजनाशी, काखेतल्या गाठी पूर्ण काढण्याशी आणि कातडीच्या संसर्गाशी. दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढे करावा. नसेल तर घाबरून तपासणी टाळू नये.

सूज किती उतरली हे डोळ्यांनी कळत नाही. शिंप्याची टेप घ्यावी, घोटा, पोटरी, गुडघा अशा ठरलेल्या जागी, आठवड्यातून एकदा, एकाच वेळी माप घेऊन वहीत लिहावे. दोन्ही पायांचे किंवा दोन्ही हातांचे. एका जागी दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवावे.

तुमच्या घरात, शेजारी किंवा वाडीत असा पाय असेल, तर त्या माणसाचे नाव गावच्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवा. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत टब, मग, साबण, टॉवेल आणि बुरशीचे मलम असलेले पायाच्या निगेचे किट सरकारी कार्यक्रमातून दिले जाते, ते मागून घ्या, आणि ते कसे वापरायचे हे करून दाखवायला सांगा. काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांचे किंवा पायांचे माप घेऊन ठेवा आणि फिजिओथेरपिस्टची पहिली भेट त्याच आठवड्यात ठरवून टाका.